फाउंड्रीत आरोग्याचे बोर्ड: काय लिहायचं, कुठं लावायचं आणि त्याच्याजवळ काय ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा आलाय. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, १८० च्या आसपास कामगार, त्यातले निम्मे कंत्राटी, शिवाय पंचवीसेक ऑफिस स्टाफ. ४ मार्चपासून सेफ्टी वीक, मालकांनी एचआरला सांगितलंय की यंदा नुसते सेफ्टीचे नकोत, आरोग्याचे पण बोर्ड लावा, बजेट बेताचं. तर विषय कुठले घ्यायचे, फ्लेक्स करायचे की दुसरं काही, आणि मालक स्वतःच विचारतायत की असल्या बोर्डांनी खरंच काही फरक पडतो का, त्यांना काय सांगायचं.

मी औद्योगिक आरोग्याची नर्स. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप, मधनंमधनं इचलकरंजीचे यंत्रमाग, असं माझं फिरणं असतं. उत्तर लांबणार आहे, कारण हा विषय लोक एका दुपारी उरकून टाकतात आणि मला ते बघवत नाही.

सगळ्यात आधी हे धरा, की बोर्डावर काय लिहायचं ते नंतर ठरवायचं, त्या बोर्डापासून हाताच्या अंतरावर काय ठेवणार ते आधी. "भरपूर पाणी प्या" असा मोठा फ्लेक्स, आणि फर्नेसपासून कूलर पार शेडच्या दुसऱ्या टोकाला, त्याचा एक नळ बंद, ग्लास एकच आणि तोही साखळीला बांधलेला, हे मी किती ठिकाणी बघितलंय. कामगार रोज तो फ्लेक्स वाचतो आणि त्यातनं एकच शिकतो, की कंपनी भिंतीवर लिहिते ते मनावर घ्यायचं नसतं. मग उद्या तुम्ही मास्कबद्दल अगदी जिवाचं काही लिहिलंत तरी तो त्याच नजरेनं बघणार. म्हणून ज्याची सोय नाही त्याचा बोर्ड नाही, आधी सोय करा मग लिहा. १९४८ च्या कारखाना कायद्यात पिण्याच्या पाण्याचं कलम वाचलं तर त्यातही हेच आहे, पाणी पुरेसं हवं, ती जागा मुतारी-संडास-गटारापासून सहा मीटरच्या आत नको, आणि तिथं बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत 'पिण्याचे पाणी' असं लिहिलेलं हवं. पाणी, जागा आणि पाटी, तिन्ही एकाच कलमात. आता नवे लेबर कोड आलेत, नोटिसांचे नमुने बदलतायत, ते तुमच्या कन्सल्टंटकडून तपासून घ्या, पण कायद्याचे बोर्ड टाइम ऑफिसपाशी वेगळे ठेवा, त्यात आरोग्याचं काही मिसळू नका, कारण त्या भिंतीकडं कुणी वाचायला म्हणून बघतच नाही.

दुसरं, डिझायनरकडं जायच्या आधी वही घेऊन एक अख्खी शिफ्ट प्लांटमध्ये उभं राहा. कोण कुठं थांबतो, हात कुठं धुतो, मावा कुठं मळतो, मास्क कुठं काढून टांगतो, पाणी कुणाच्या बाटलीतनं पितो. बोर्डाच्या जागा तुम्हाला तिथंच दिसतील. स्टोअरची खिडकी, झाडू ठेवायचा कोपरा, एअर होज, मुतारी, बेसिनचा आरसा, कँटीनचं टेबल, गाड्या लावायची शेड. रिसेप्शनच्या मागची भिंत यात कुठंच येत नाही, आणि बहुतेक बोर्ड मात्र तिथंच लागलेले असतात, व्हिजिटरला दिसावेत म्हणून.

आता विषय. फाउंड्रीत पहिला विषय धूळ. शुगर नाही, बीपी नाही, योगा तर नाहीच. मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका, नॉक-आउटला (साचा फोडून माल काढताना), फेटलिंगला (ओतलेल्या मालाच्या कडा साफ करताना), ग्राइंडिंगला तिचा भुगा होतो, आणि जी धूळ डोळ्याला दिसते ती बरीचशी नाकातच अडकते, खरी वाईट ती जी दिसत नाही, ती थेट फुफ्फुसाच्या तळाला जाते आणि तिथंच राहते. त्यातनं सिलिकोसिस होतो, सहसा दहा-एक वर्षं धुळीत काढल्यावर, धूळ फार असेल तर त्याच्या बऱ्याच आधी, आणि एकदा झाला की तो बरा करायचं औषध नाही. वर टीबीचा धोका वाढतो, आणि कितीतरी जणांना नुसता टीबी समजूनच औषधं चालू राहतात, कारण डॉक्टर विचारत नाहीत काम काय करता आणि पेशंट सांगत नाही. म्हणून माझ्या यादीत एक बोर्ड कायम असतो, तो फर्स्ट एड रूमच्या दारावर: "खोकला दोन आठवडे झाला तरी थांबत नाही? डॉक्टरला सांगा, मी फाउंड्रीत काम करतो, किती वर्षं ते पण सांगा." एवढ्या एका वाक्यानं माणूस योग्य एक्स-रेपर्यंत पोचतो.

धुळीचा बाकीचा बोर्ड फुफ्फुसाचं चित्र काढून करू नका. लाल-काळं फुफ्फुस बघून माणूस दोन दिवस घाबरतो आणि तिसऱ्या दिवशी तीच कामं तशीच करतो, कारण त्या चित्रात करायचं काय ते नसतं. हातानं करायच्या गोष्टी पकडा. झाडूच्या कोपऱ्यात: "कोरडं झाडू नका, आधी पाणी मारा", आणि तिथंच पाण्याचा पाइप. पण फर्नेस आणि ओतकामाच्या भागात हे चालत नाही हां, वितळलेल्या लोखंडाजवळ ओल म्हणजे स्फोट, त्या भागासाठी व्हॅक्यूमच पाहिजे. असले बारकावे नेटवरनं उतरवलेल्या पोस्टरमध्ये नसतात, म्हणून प्रत्येक बोर्ड लावायच्या आधी त्या सेक्शनच्या फोरमनला वाचायला द्या.

एअर होजचं तर स्वतंत्र सांगते. सुट्टी झाली की एअर गन घेऊन एकमेकांच्या अंगावर हवा मारून कपडे झाडायचे, ही पद्धत सगळीकडं आहे आणि ती फार वाईट आहे. दिवसभर मास्क लावलेला माणूस मास्क काढून झाल्यावर तोंडासमोर धुळीचा ढग करतो आणि तो ओढतो. डोळ्याला, कानाला हवेच्या दाबाची इजा होते ती वेगळीच. बोर्ड होजलाच लटकवायचा, हातात होज घेताना दिसेल असा छोटा, पत्र्याचा: "ही हवा मशीनसाठी. कपडे तिकडं", आणि बाण. बाणाच्या टोकाला ब्रश लावलेला व्हॅक्यूम असला पाहिजे. तो नसेल तर बाण कुठं दाखवणार? मालकांना म्हणा, फ्लेक्सचे पैसे वाचवा आणि हा घ्या. आणि कामाचे कपडे कंपनीतच धुवायची सोय झाली तर फारच उत्तम, ती धूळ घरी लेकराबाळांत जात नाही.

मास्कसाठी मी बोर्डाऐवजी आरसा लावायला सांगते. स्टोअरच्या खिडकीशेजारी एक साधा आरसा, त्याच्या वरच्या कडेला तीन चित्रं: वरची पट्टी डोक्यावर आणि खालची मानेवर, नाकावरची पट्टी दोन बोटांनी दाबलेली, दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात फुंकणं. फुंकल्यावर कडेनं हवा लागली किंवा चष्म्यावर वाफ आली तर बसलेला नाही. दाढीवाल्यांना हे आरशातच कळतं, सांगावं लागत नाही. मिशीला हरकत नाही, ती मास्कच्या आत राहते, दाढी कडेला येते म्हणून अडचण, हे पण लिहा, कारण आपल्याकडं मिशीचा विषय निघाला की पोरं मास्कच नको म्हणतात. आरशाजवळ दोन खरे नमुने टांगा, एक रुमाल आणि एक एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क, रुमालावर फुली, मास्कवर बरोबरची खूण. रुमालानं सिलिका अडत नाही, आणि रुमाल बांधलेला माणूस मात्र बिनधास्त होऊन धुळीत जास्त वेळ थांबतो.

एक गोष्ट मला मनापासून टोचते. डस्ट कलेक्टर बंद, त्याची बॅग फाटलेली, आणि भिंतीवर "आपले आरोग्य आपल्या हाती". हे लावू नका. धूळ ओढून घेणं ही कंपनीची जबाबदारी, मास्क त्याच्यानंतर. जमलं तर डस्ट कलेक्टरवरच एक बोर्ड लावा: शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, पुढचं कधी, बंद दिसला तर कुणाला सांगायचं. हा बोर्ड कंपनी स्वतःबद्दल लावते, आणि असा एक बोर्ड असला की बाकीच्यांवर लोकांचा विश्वास बसतो.

आवाजाचं थोडक्यात. आठ तास सतत ८५ डेसिबलच्या वर आवाज असला की कान हळूहळू जातात आणि गेलेले परत येत नाहीत. पण डेसिबल कामगाराला दिसत नाही, त्यामुळं बोर्डावर असं लिहा: "हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय? प्लग घाला." फेटलिंगमध्ये शिरायच्या दाराशी, आणि त्याच बोर्डाला प्लगचा डबा. खाली चार चित्रं, फोमचा प्लग बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढा, आत घाला, फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवा. निम्मे लोक प्लग नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि म्हणतात याचा उपयोग होत नाही, ते बरोबरच आहे, तसा घातला तर होतच नाही. आणि हात स्वच्छ करायला तिथंच काहीतरी ठेवा, वाळूच्या हातानं प्लग वळला की कानात वाळू.

उन्हाळा. सेफ्टी वीक मार्चमध्ये आहे म्हणजे हा बोर्ड अगदी वेळेवर लागेल. फर्नेसवाल्या लोकांसाठी नियम साधा, दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास, तहान लागायची वाट न बघता. पण सगळ्यात जास्त वाचला जाणारा बोर्ड कुठला म्हणाल तर मुतारीतला, डोळ्यासमोर, लघवीच्या रंगाचा तक्ता. फिकट पिवळा म्हणजे ठीक, गडद पिवळा म्हणजे आत्ता जाऊन दोन ग्लास पाणी, तपकिरी किंवा लाल म्हणजे काम थांबव आणि फर्स्ट एड रूमला ये. माणूस तिथं उभा असतो, दुसरं काही करायला नसतं, आणि तपासायची गोष्ट समोरच असते. छापताना रंग नीट येतायत का बघा, स्वस्त प्रिंटमध्ये पिवळ्याच्या सगळ्या छटा एकसारख्या येतात मग तक्ता बिनकामाचा. आणि एक बारीक ओळ टाका, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनं लघवी पिवळी धमक होते, त्याला घाबरू नका. बायकांच्या टॉयलेटमध्ये हाच तक्ता दाराच्या आतल्या बाजूला. आणि तिथली स्वच्छता आणि पाणी आधी बघा, कारण टॉयलेट घाण असलं की बायका पाणीच पीत नाहीत, मग तक्ता लावून काय होणार.

उष्माघाताचा बोर्ड वेगळा, तो फर्नेस सुपरवायझरच्या टेबलावर, कारण ज्याला झालाय तो वाचणार नाही. माणूस बरळायला लागला, चालताना झोक जातोय, अंग तापलंय, तर आधी थंड करा मग हलवा: सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी आणि पंखा, काखेत-मानेला-जांघेत बर्फ, १०८ ला फोन. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

इथं एक घोळ होतो तो सांगते. एकाच प्लांटमध्ये कँटीनच्या भिंतीवर "मीठ कमी खा" आणि फर्नेसजवळ "लिंबू-मीठ-साखर पाणी प्या". कामगार विचारतो मॅडम मग नक्की काय करू. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे, पण ते बोर्डावर कुठंच स्पष्ट नसतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा, सगळ्या जेवणात मिळून. आपलं जेवण कसं, भाकरीबरोबर ठेचा, लोणचं, पापड, नाष्ट्याला मिसळ आणि वर फरसाण, ते ५ ग्रॅम दुपारच्या आधीच होऊन जातात. घाम गाळणाऱ्या माणसालाही बहुतेक दिवशी मीठ जेवणातनं मिळतंच, त्याला मुख्य गरज पाण्याची. फारच घाम जातोय, पेटके येतायत, तर ओआरएस, ते पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. आणि ज्याला बीपी आहे त्यानं ताकात वरनं मीठ घालायच्या आधी डॉक्टरला विचारायचं. हे सगळं एका बोर्डावर मावत नाही, म्हणून कँटीनमध्ये बोर्डापेक्षा कृती करा: टेबलावरची मिठाची वाटी उचलून काउंटरवर ठेवा. ज्याला पाहिजे तो उठून घेईल. बोर्डाशिवाय निम्मं काम होतं.

साखरेचा बोर्ड कामगारांच्या डोक्यावर नका मारू. दिवसभर लॅडल (धातू ओतायचं भांडं) आणि मोल्ड बॉक्स (साच्याच्या पेट्या) उचलणाऱ्या माणसाला कॅलरीचं लेक्चर देणं बरं नाही, ज्याला शुगर आहे त्याच्याशी फर्स्ट एड रूममध्ये वेगळं बोलायचं. तो बोर्ड वरच्या मजल्यावर ऑफिसला पाहिजे, जिथं खुर्चीत बसून पाच-सहा चहा होतात. पारदर्शक बाटल्यांत खरी साखर भरून ठेवा, एक कप चहातली, दिवसभराच्या चहातली, कोल्ड्रिंकच्या एका बाटलीतली. साधारण २५० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये पंचवीसेक ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे. बाटल्या बघून लोक आपापसात बोलायला लागतात, बोर्ड वाचून कुणी बोलत नाही. ऑफिससाठी अजून एक, वॉशरूमच्या दारामागं मापाची टेप आणि दोन आकडे, पुरुष ९० सेंमी, बायका ८० सेंमी, कंबर त्याच्या वर गेली की शुगर-बीपी तपासून घ्या. वजनाचा काटा चारचौघांत ठेवू नका.

तंबाखू. नेटवरनं काढलेल्या पोस्टरवर नव्याण्णव टक्के सिगरेट असते. आपल्याकडं प्रश्न सिगरेटचा नाहीच. २०१६-१७ च्या गॅट्स पाहणीत (प्रौढांच्या तंबाखू वापराची पाहणी) महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यात धूर ओढणारे ३.८ टक्के आणि चघळणारे २४.४ टक्के, काही जण दोन्ही करणारे. म्हणजे मावा, गुटखा, मळलेली तंबाखू. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे पण शिफ्ट बदलताना गेटबाहेर जाऊन बघा. आणि कामगाराकडं कारणं असतात, नाइटला झोप येते, धुळीनं तोंड कोरडं पडतं, मावा तोंडात असला की भूक लागत नाही. त्याला कॅन्सरचे फोटो दाखवू नका, ते फोटो पुडीवर पण आहेत आणि तो रोज पुडी फाडतोच.

मी काय करते, बेसिनच्या आरशाला स्टिकर लावते: "तीन बोटं उभी धरा. तोंडात जातायत?" आपली आपली तीन बोटं, एकावर एक. जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय, आणि हे नुसत्या सुपारीनं पण होतं, त्यामुळं "मी तंबाखू सोडली, फक्त सुपारी खातो" म्हणणाऱ्यालाही ते लागू. खाली दुसरी ओळ, "गालाच्या आत, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे? दोन आठवडे न भरलेली जखम आहे?" आणि तिसरी ओळ, कुठं दाखवायचं ते: सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल), ईएसआयचा दवाखाना, किंवा कंपनीत दाताचे डॉक्टर येणार असतील तो दिवस. सोडायला मदत पाहिजे तर १८००-११-२३५६, फोन फुकट. आरशासमोर पोरं एकमेकांची चेष्टा करत बोटं घालून बघतात, आणि मग एखादा जो गप्प झालेला असतो तो दोन दिवसांनी एकटाच फर्स्ट एड रूमला येतो. त्याच्यासाठी तो स्टिकर असतो. धूम्रपान निषेधाचा बोर्ड कायद्यानं लागतो, ६० बाय ३० सेंमीचा, तो लावाच, पण त्यावर काम झालं असं समजू नका.

बीपी. फर्स्ट एड रूममध्ये मशीन आणि भिंतीवर सूचना: पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. १४०/९० किंवा वर आलं तर दुसऱ्या दिवशी परत बघा, परत तेच तर डॉक्टर. पण या बोर्डावर सगळ्यात मोठ्या अक्षरात वेगळंच लिहायचं: "तुमचा आकडा तुमच्याकडंच राहील." कंत्राटी पोरगा बीपी मोजायला येत नाही त्याचं कारण अज्ञान नाही, त्याला भीती असते की आकडा मुकादमाला कळला तर उद्यापासनं कामावर घेणार नाहीत. आणि मी एका ठिकाणी तपासणी शिबिरानंतर नावासकट शुगर-बीपीची यादी नोटीस बोर्डावर लावलेली बघितलीय, "जागृतीसाठी". असं कधी करू नका. आणि आकडा गुप्त राहील असं लिहायच्या आधी ते खरंच तसं राहील याची मालकांकडनं खात्री करून घ्या.

फर्स्ट एडच्या बोर्डावर मजकूर कमी, माणसं जास्त. प्रत्येक शिफ्टला कोण ट्रेनिंग घेतलेला आहे त्याचा फोटो, नाव, सेक्शन. भाजण्यासाठी मोठ्या अक्षरात: वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, आणि पेस्ट, हळद, शाई, बर्फ काही नाही. आपल्याकडं पेस्ट लावायची इतकी सवय आहे की बोर्डावर ट्यूबचं चित्र काढून फुली मारावीच लागते. पक्षाघाताचे तीन प्रश्न पण तिथंच, तोंड वाकडं झालंय का, एक हात खाली पडतोय का, बोलणं अडखळतंय का, यातलं एक जरी असलं तर कधी सुरू झालं ती वेळ लिहून घ्या आणि निघा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. कुठल्या हॉस्पिटलला सीटी स्कॅन आणि ते इंजेक्शन चोवीस तास मिळतं हे आजच फोन करून विचारा आणि तेच नाव बोर्डावर लिहा, नाहीतर जवळच्या दवाखान्यात जाऊन, तिथनं पुढं पाठवण्यात वेळ जातो.

मानसिक आरोग्याचा नंबर मोठ्या बोर्डावर टाकून उपयोग नाही, चारचौघांत कोण तो लिहून घेईल. टेली-मानस, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला छोटा स्टिकर, एकटं असताना मोबाइलमध्ये घेता येईल असा. कोअर शॉपमध्ये (साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे बनवतात तिथं) बायका असतील तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणं अंतर्गत समिती आणि शिक्षेची माहिती ठळक ठिकाणी लावावीच लागते, त्यातली समितीतल्या बायकांची नावं आणि फोन बायकांच्या टॉयलेटमध्ये पण लावा, कारण गेटवरच्या बोर्डासमोर उभं राहून वाचणारीकडं सगळे बघतात.

आता फ्लेक्स का दुसरं काही. फाउंड्रीत फ्लेक्स महिन्याभरात राखाडी होतो, पुसायला गेलं की रंग जातो. शेडमध्ये पत्र्यावर ऑइल पेंटनं लिहून घ्या, कापडानं पुसता येतो, वर्षानुवर्षं टिकतो, आणि कोल्हापुरात हातानं अक्षरं काढणारे पेंटर अजून आहेत, त्यांचं अक्षर फ्लेक्सच्या फॉन्टपेक्षा लांबनं चांगलं वाचता येतं. दहा फुटांवरनं वाचायचं असेल तर अक्षर निदान एक इंच, आणि आपल्या लिपीत मात्रा-वेलांट्या असतात म्हणून मी त्याहून थोडं मोठंच घेते, धूळ बसली की अनुस्वार पहिला गायब होतो. एका बोर्डावर एकच काम. मराठीबरोबर हिंदी, आणि सीमेपलीकडची माणसं जास्त असतील तर कन्नड, पण तीन भाषा एका बोर्डावर कोंबू नका, चित्र मोठं करा. चित्र पास झालं का ते कसं बघायचं, तर वेगवेगळ्या सेक्शनच्या पाच जणांना मजकूर झाकून चित्र दाखवा आणि विचारा यात काय करायला सांगितलंय. तिघं चुकले तर चित्र बदला, लोक नाही.

फोटो आपल्याच माणसांचे घ्या. कोल्हापूरकर वाढदिवसाच्या फ्लेक्ससमोर गाडी हळू करून कोण कोण आहे ते बघतोच बघतो, तीच सवय इथं कामाला येते. आरशावरच्या मास्कच्या चित्रांत तुमचाच फेटलिंगमधला सीनियर माणूस असू दे, त्याची लेखी परवानगी घेऊन. गोरागोमटा परदेशी मॉडेल हेल्मेट घालून हसतोय, त्याच्याशी आपल्या कामगाराचा काय संबंध. आणि कँटीनच्या दाराशी एक काळा फळा ठेवा, मंडळाच्या कोपऱ्यावर असतो तसा, खडूनं दर सोमवारी नवीन दोन ओळी. रोज तेच दिसलं की डोळा ते बघायचं बंद करतो, फळ्याला तो त्रास नाही. उन्हाळ्यात पाणी, जूनपासनं डेंग्यू (यार्डातले मोल्ड बॉक्स, टायर, डबे आठवड्याला एकदा उपडे करा, डास तेवढ्यातच तयार होतात), पूर आला की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातनं होणारा ताप), २०१९ आणि २०२१ ला कामगार गुडघाभर पाण्यातनं कामावर आले होते, पायाला चीर असताना पुराच्या पाण्यातनं चालला असाल आणि नंतर ताप आला तर डॉक्टरला पुराचं सांगा. थंडीत उसाचा सीझन, बरेच जण शिफ्ट संपवून शेतात जातात, तेव्हा साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, तो भाग हलवायचा नाही आणि सरळ हॉस्पिटल. फळा लिहायचं काम एकाच माणसाला देऊ नका, सेक्शनला पाळी लावा, स्वतः लिहिलेलं पोरं बरोबर लक्षात ठेवतात.

राहिलं मालकांचं, फरक पडतो का. पडतो, जिथं निर्णय होतो तिथंच बोर्ड असला तर. लिफ्टपाशी लावलेल्या "जिन्यानं जा" अशा पाट्यांनी जिना चढणारे वाढतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय आणि अमेरिकेतल्या कम्युनिटी गाइडनं (आरोग्याचे कुठले उपाय खरंच चालतात ते अभ्यासांवरनं सांगणारं मार्गदर्शक) त्याची शिफारस केलीय. तुमच्याकडं लिफ्ट नाही पण तत्त्व तेच, म्हणून तर मी होजला, आरशाला, डब्याला बोर्ड चिकटवायला सांगतेय. मालकांना असं मात्र सांगू नका की बोर्डानं लोकांचं बीपी उतरेल किंवा सिलिकोसिस थांबेल, तसं होत नाही, आणि उद्या ते आकडे मागतील. मोजता येईल तेच मोजा. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये मास्क आणि प्लग किती उचलले जातात, पाण्याचे जार किती लागतात, दुपारी अडीच वाजता फेटलिंगमध्ये उभे असलेल्यांपैकी किती जणांच्या कानात प्लग आहे, एअर गननं कपडे झाडणारे सुट्टीच्या वेळी किती दिसतात. हे बोर्ड लावायच्या आधी एक आठवडा मोजा, लावल्यावर एक महिन्यानं, आणि मग तीन महिन्यांनी परत, कारण पहिल्या महिन्यात सगळेच शहाणे असतात. तीन महिन्यांनी आकडा खाली आला असेल तर बोर्ड बदलायच्या आधी डबा रिकामा आहे का ते बघा, बहुतेक वेळा तेच असतं. आता ४ मार्चला दिवस थोडे आहेत, सगळं एकदम होणार नाही, तर फेटलिंगचा प्लगचा डबा, स्टोअरचा आरसा आणि मुतारीतला तक्ता एवढं आधी करा, आणि मोजणी उद्याच्या शिफ्टपासनं सुरू करा.